एका स्फोटाची वेळ: जीडब्ल्यू१७०१०४ आणि त्याच पट्ट्यातला दुसराच ठिपका (प्रकरण अभ्यास)

हे प्रकरण का घेतलं

गुरुत्वीय लहरींसोबत (म्हणजे प्रचंड वस्तू एकमेकींवर आदळताना अवकाशातच उठणाऱ्या हेलकाव्यांसोबत) गॅमा किरण सापडतात का, असा विषय निघाला की सगळे लगेच १७ ऑगस्ट २०१७ चं उदाहरण देतात. दोन न्यूट्रॉन तारे धडकले, लहरी आल्या, १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरण दिसले, सगळं जुळून आलं. ते उदाहरण सुंदर आहे यात वादच नाही, पण रोजचं काम तसं नसतं. रोज काय होतं तर लहरी येतात, गॅमा किरणांच्या डेटात काहीच नसतं किंवा काहीतरी अर्धवट असतं, आणि मग तिसरीकडून कोणीतरी म्हणतं की आम्हाला बघा हे काहीतरी चमकताना दिसलंय. तेव्हा काय करायचं हा खरा प्रश्न.

म्हणून मी त्याच वर्षातलं जानेवारीचं प्रकरण घेतलंय. यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतून चालणाऱ्या एका उपकरणाचा मोठा वाटा आहे, आणि विद्यार्थ्यांना शिकवताना मला यापेक्षा चांगलं उदाहरण अजून मिळालेलं नाही. माणसांची नावं घेत नाही, कोण कोणाला काय म्हणालं तेही सांगत नाही. छापून आलेल्या निष्कर्षांवरून निर्णय कुठे कुठे घ्यावे लागले तेवढं बघू.

पार्श्वभूमी

४ जानेवारी २०१७, बुधवार. आपल्याकडे दुपारचे तीन वाजून बेचाळीस मिनिटं व्हायला जेमतेम सेकंद-दीड सेकंद बाकी होता, तेव्हा अमेरिकेतल्या लायगोच्या दोन्ही डिटेक्टरमधून (एक हॅनफर्डला, एक लिव्हिंग्स्टनला) एक लहर गेली. एक कृष्णविवर सूर्याच्या ३१ पट, दुसरं १९ पट, दोघं एकत्र झाली, अंतर साधारण ३ अब्ज प्रकाशवर्षं. नंतर तिचं नाव जीडब्ल्यू१७०१०४ पडलं.

खरं तर अलर्ट आपोआप जायला हवा होता पण गेला नाही. हॅनफर्डच्या डिटेक्टरचं कॅलिब्रेशन त्या वेळी सिस्टीममध्ये चुकीचं नोंदलं गेलेलं होतं, त्यामुळे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी काही आलंय हे कॉम्प्युटरनं जोडलंच नाही. लिव्हिंग्स्टनचे ट्रिगर एका माणसाने डोळ्याने बघितले म्हणून ते सापडलं, मग दोन्ही डिटेक्टर ठीक आहेत ना याची हाताने खात्री केली आणि मगच खगोलशास्त्रज्ञांकडे नकाशा गेला. यात काही तास गेले. पुढे कथेत तासांना फार महत्त्व येणार आहे म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

नकाशा म्हणजे काय तर आकाशात कुठे बघायचं त्याचा पट्टा. दोनच डिटेक्टर असल्यामुळे तो लांबलचक होता, शेवटच्या हिशोबात सुद्धा जवळपास १२०० चौरस अंश. पौर्णिमेचा चंद्र साधारण ०.२ चौरस अंश व्यापतो, म्हणजे सहा हजार चंद्र शेजारी शेजारी मांडले तर जेवढी जागा होईल तेवढ्यात शोधायचं. जगभरातले तीसेक गट कामाला लागले, गॅमा किरणांपासून रेडिओपर्यंत आणि न्यूट्रिनोवाले सुद्धा.

आता कोणीही विचारेल की दोन कृष्णविवरं धडकली तर उजेड कुठून येणार, तिथे पदार्थच नाही. बरोबर आहे, नेहमीच्या समजुतीप्रमाणे काहीच यायला नको. पण १४ सप्टेंबर २०१५ च्या पहिल्या लहरीनंतर ०.४ सेकंदांनी फर्मीच्या जीबीएम उपकरणात सेकंदभराचा एक अशक्त सिग्नल दिसला होता, इंटिग्रल उपग्रहाला त्याच वेळी काही दिसलं नव्हतं, आणि ते प्रकरण कधी नीट मिटलंच नाही. त्यामुळे प्रत्येक नव्या घटनेला सगळे परत बघत होते. बघायलाच हवं, कारण खरंच एखादवेळी काही सापडलं तर कृष्णविवरांच्या आजूबाजूला काय असतं याबद्दलचं आपलं सगळं चित्रच बदलेल.

आपलं उपकरण

भारताचा खगोल उपग्रह अॅस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्यावर सीझेडटीआय नावाचं उपकरण आहे, कॅडमियम झिंक टेल्युराइड इमेजर, आणि त्याचा डेटा बघायचं, साफ करायचं केंद्र पुण्यात आयुकामध्ये आहे. चार सेंटीमीटर बाय चार सेंटीमीटरच्या, पाच मिलिमीटर जाडीच्या चकत्या, अशा ६४, प्रत्येकीवर २५६ पिक्सेल. म्हणजे एकूण १६,३८४ छोटे छोटे डिटेक्टर, आणि ते चार भागांत वाटलेले, त्यांना क्वाड्रंट म्हणतात.

उपकरण बनवलं होतं समोरच्या एका तुकड्याचं चित्र काढायला, बाजूने धातूच्या भिंती आहेत. पण किरणांची ऊर्जा १०० केईव्हीच्या (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) वर गेली की त्या भिंतींतून किरण आरपार जायला लागतात आणि सगळं उपकरण उघड्या खिडकीसारखं होतं, कुठल्याही बाजूचा गॅमा स्फोट (आकाशात थोडा वेळ चमकणारा गॅमा किरणांचा लोट) त्यात दिसतो. सुरू झालं त्याच दिवशी, ६ ऑक्टोबर २०१५ ला, त्यात बाजूने आलेला एक गॅमा स्फोट पकडला गेला, तेव्हाच सगळ्यांना कळलं की हे दुसरं काम सुद्धा हे उपकरण झकास करणार.

एकच अडथळा, पृथ्वी. ६५० किलोमीटर उंचीवरून बघताना खालची पृथ्वी आकाशाचा जवळपास २९ टक्के भाग झाकते. त्या भागात काही झालं तर उपग्रहाला दिसणार नाही, मग उपकरण कितीही चांगलं असो.

अडचण

अडचणी दोन होत्या आणि दोन्ही एकमेकांत गुंतल्या.

पहिली सीझेडटीआयची. लहर आली त्या क्षणी नकाशाच्या पट्ट्याचा ५०.३ टक्के भाग उपकरणाला दिसत होता, बाकीचा नाही. डेटात डोळ्याने काही उठून दिसत नव्हतं. मग ‘काही नाही’ म्हणायचं का, आणि म्हणायचं तर किती खात्रीने?

दुसरी अडचण हवाईहून आली. तिथे एटलास नावाची दुर्बीण यंत्रणा आहे, मूळ काम पृथ्वीकडे येणारे लघुग्रह शोधायचं, पण आकाश इतक्या वेळा आणि इतकं रुंद झाडून काढते की चमकून विझणाऱ्या इतर गोष्टीही तिला सापडतात. लहरीनंतर २३.१ तासांनी, त्याच पट्ट्यात, एटलासला एक नवा ठिपका दिसला. त्याला नाव मिळालं एटलास१७एईयू. तो भराभर विझत होता. तीन रात्रींत जवळपास गेलाच. स्विफ्ट उपग्रहाला त्याच जागी विझत जाणारे क्ष-किरण दिसले, रेडिओ दुर्बिणींना ६ आणि १५ गिगाहर्ट्झवर सुद्धा तो दिसला.

आता विचार करा, तुम्ही एक दिवस सहा हजार चंद्रांएवढ्या जागेत शोधताय आणि नेमक्या त्याच जागेत, दुसऱ्याच दिवशी, असा ठिपका मिळतो जो क्ष-किरणांत आहे, रेडिओत आहे आणि दिसता दिसता विझतोय. अशी गोष्ट रोज दिसत नाही. नंतर एटलासच्या गटाने हिशोब केला तर जागा आणि वेळ असं दोन्ही निव्वळ योगायोगाने जुळायची शक्यता ०.०४ निघाली, म्हणजे पंचवीसात एक. अशा वेळी कोणाच्याही मनात येणार की हाच तो, कृष्णविवरांचा उजेड सापडला.

त्यात भर म्हणजे इटलीच्या अजाइल उपग्रहाच्या गटाने लहरीच्या ०.४६ सेकंद आधीचा, जेमतेम ३२ मिलिसेकंदांचा एक अशक्त सिग्नल नोंदवला. सगळे हिशोब धरून त्याची खात्री २.४ ते २.७ सिग्मा, म्हणजे दखल घ्यावी इतकी पण विश्वास ठेवावा इतकी नाही. फर्मीच्या डेटात काही सापडलं नाही.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे अंतर मोजायचं. लहरीनेच सांगितलेलं होतं की घटना साधारण ०.१८ रेडशिफ्टला आहे (लांबून येणारा प्रकाश लाल बाजूला किती सरकलाय त्याचं हे माप, जितकं जास्त तितकी गोष्ट लांब). ठिपक्याचं रेडशिफ्ट त्याच्याशी जुळलं तर प्रश्न सुटला, नाही जुळलं तरी सुटला. पण स्पेक्ट्रम, म्हणजे उजेड रंगांत फोडून केलेली पट्टी, काढला तर तो नुसताच निळसर, सपाट, त्यात एकही रेघ नाही. रेघच नाही तर रेडशिफ्ट कशावरून काढणार. ठिपका विझेपर्यंत थांबायचं आणि मग त्याच्या मागची फिकट आकाशगंगा शोधायची, तर त्यात महिने जाणार आणि ती आकाशगंगा त्याचीच हे कशावरून, असा नवा वाद.

दुसरा रस्ता, जागा जुळतेय ना, मग संबंध आहे असं धरून चालायचं आणि त्याप्रमाणे मोठ्या दुर्बिणींचा वेळ मागत राहायचं. हा रस्ता मोहात पाडणारा आहे. माझ्या मते धोकादायक सुद्धा, कारण एकदा का ठिपक्याच्या नावापुढे लहरीचं नाव लागलं की पुढचं प्रत्येक निरीक्षण त्याच चष्म्यातून वाचलं जातं.

तिसरा रस्ता वेळेचा. ठिपका दिसला कधी हे बाजूला ठेवायचं आणि तो जन्माला कधी आला ते शोधायचं. लहरीच्या क्षणी जन्मला असेल तर संबंध असू शकतो. नंतर जन्मला असेल तर मग जागा कितीही जुळू दे, त्याचा लहरीशी काही संबंध नाही.

सीझेडटीआयच्या बाजूने पण असाच एक निर्णय होता. काही दिसलं नाही तर गप्प बसायचं, की ‘दिसलं नाही’ हे आकड्यासकट छापायचं? बाहेरून बघणाऱ्याला यात विशेष काही वाटणार नाही पण दुसऱ्या पर्यायाला मेहनत खूप लागते.

काय केलं: आधी लहरीचा क्षण

सीझेडटीआयच्या डेटात शोधायचं म्हणजे काय ते जरा जवळून बघू, कारण इथेच बहुतेक लोकांची कल्पना चुकते. लोकांना वाटतं ग्राफ काढला, टोक दिसलं की सापडलं. पण १६,३८४ पिक्सेलपैकी काही पिक्सेल उगाचच बडबड करत असतात, ते आधी काढून टाकावे लागतात. मग वैश्विक किरणांचा एखादा कण उपकरणातून घुसला की एकाच क्षणी पिक्सेलचा घोळकाच्या घोळका पेटतो, ते घोळके ओळखून काढावे लागतात. उरलेली पार्श्वभूमी सुद्धा स्थिर नसते. साधारण ९८ मिनिटांत उपग्रह पृथ्वीला एक फेरी मारतो, दक्षिण अटलांटिकच्या त्या कणांनी भरलेल्या भागाजवळ गेला की मोजणी चढते, लांब गेला की उतरते, त्यामुळे डेटाची रेघ संथ वरखाली होत राहते आणि ती चढउतार आधी वजा करावी लागते.

एवढं झाल्यावर वेळेचे तुकडे पाडायचे, ०.१ सेकंद, १ सेकंद, १० सेकंद, कारण स्फोट किती वेळ टिकला असेल ते आपल्याला माहीत नसतं. आणि मग चार क्वाड्रंट असण्याचा फायदा घ्यायचा. खरा स्फोट असेल तर चारही क्वाड्रंटमध्ये एकाच वेळी मोजणी वाढायला हवी. एकाच क्वाड्रंटमध्ये उडी दिसली आणि बाकी तीन शांत असले तर तो बहुधा त्या क्वाड्रंटचाच आवाज.

इथला महत्त्वाचा निर्णय म्हणजे उंबरठा कुठे ठेवायचा. किती उंच टोकाला सिग्नल म्हणायचं हे लहरीच्या क्षणाचा डेटा बघून ठरवायचं नसतं, आजूबाजूच्या फेऱ्यांचा डेटा घ्यायचा जिथे काही नाही हे माहीत आहे, तिथे उगाचच टोकं किती वेळा येतात ते मोजायचं, आणि त्यावरून उंबरठा पक्का करून मगच त्या क्षणाकडे बघायचं. उलट केलं तर माणूस कितीही प्रामाणिक असला तरी स्वतःला फसवतो. मला विचाराल तर सगळ्या कामातली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, पण निकालात ती कधी दिसत नाही.

या उंबरठ्याच्या वर त्या क्षणी काहीही नव्हतं. मग प्रश्न असा की उपकरणाला दिसलंच असतं असं किमान किती तेजाचं? यासाठी संपूर्ण उपग्रहाचं कॉम्प्युटरमध्ये मॉडेल लागतं, कारण एका बाजूने येणारे किरण उपग्रहाच्या अंगातून, टाक्यांतून, इतर उपकरणांतून गाळून येतात आणि दुसऱ्या बाजूने जवळपास थेट येतात, म्हणजे आकाशाच्या प्रत्येक दिशेला उपकरणाची नजर वेगळी. त्या मॉडेलवरून मर्यादा निघाली, एका सेकंदाच्या स्फोटासाठी साधारण ४.५ × १०⁻⁷ अर्ग दर चौरस सेंटीमीटर दर सेकंद. दिसणाऱ्या अर्ध्या पट्ट्यात यापेक्षा तेजस्वी काही झालेलं नाही. न दिसलेल्या अर्ध्या पट्ट्याबद्दल सीझेडटीआय काहीच म्हणत नाही, आणि हे स्पष्ट लिहिलं गेलं हे चांगलं झालं.

काय केलं: मग ठिपक्याचा जन्म

ठिपक्याच्या बाबतीत कॅलटेकच्या पुढाकाराने चालणारं ग्रोथ नावाचं दुर्बिणींचं जाळं आणि सीझेडटीआयचा गट एकत्र आले. वेगवेगळ्या रेखांशांवर दुर्बिणी असल्या की एकीकडे उजाडलं तरी दुसरीकडे रात्र असते आणि विझणारी गोष्ट हातातून सुटत नाही, अशी त्या जाळ्याची कल्पना.

स्फोटानंतरचा जो मागे राहिलेला उजेड असतो, आफ्टरग्लो, तो ठरावीक पद्धतीने विझतो, जन्मापासून किती काळ गेला त्याच्या घाताप्रमाणे. यात ‘जन्मापासून’ हा शब्द महत्त्वाचा. जन्माची वेळ चुकीची धरली तर विझण्याचा सगळा हिशोब वेडावाकडा होतो.

नुसतं समजायला एक उदाहरण मी माझ्या मनाने घेते, हे प्रत्यक्ष मोजलेले आकडे नाहीत. समजा उजेड काळाच्या १.३ घाताने कमी होतोय. पहिलं निरीक्षण लहरीनंतर २३ तासांनी, दुसरं ४७ तासांनी. जन्म लहरीच्या क्षणी झाला असेल तर वय २३ वरून ४७ तास झालं, म्हणजे जेमतेम दुप्पट, आणि उजेड साधारण अडीच पटीने कमी व्हायला हवा. पण जन्म २० तासांनी झाला असेल तर वय ३ वरून २७ तास, म्हणजे नऊपट, आणि उजेड सतरा पटीने कमी होणार. दोन निरीक्षणं तीच, मधला काळ तोच, पण एकात अडीच पट आणि दुसऱ्यात सतरा पट. इतका फरक दुर्बिणीतून सहज कळतो.

म्हणून गटाने जन्माची वेळ आधी ठरवून न टाकता मोकळी सोडली, ती डेटालाच सांगू दिली. हा मला या प्रकरणातला कळीचा निर्णय वाटतो. सगळ्यांच्या डोक्यात लहरीची वेळ बसलेली असताना घड्याळ शून्यावर तिथून लावायचं नाही असं ठरवणं सोपं नसतं. उत्तर आलं, ठिपक्याचा जन्म लहरीनंतर जवळपास एकवीस तासांनी झालाय, तासाभराची चूक इकडेतिकडे धरून.

म्हणजे लहर आली तेव्हा हा ठिपका अस्तित्वातच नव्हता.

मग त्या वेळेच्या आसपास आकाशात गॅमा स्फोट झाला होता का? झाला होता. ५ जानेवारीला, लहरीनंतर साधारण वीस तासांनी आणि एटलासच्या पहिल्या फोटोच्या साधारण तीन तास आधी, तीन उपकरणांनी एक स्फोट नोंदवलेला होता. चीनच्या तिआनगाँग-२ वरचं पोलर, नासाच्या विंड यानावरचं रशियन कोनस, आणि आपलं सीझेडटीआय. त्याचं नाव जीआरबी १७०१०५ए.

तो ठिपक्याच्याच दिशेने आला का, हे बघायची पद्धत मला फार आवडते. सीझेडटीआय आणि पोलर पृथ्वीजवळ, विंड मात्र पृथ्वीपासून साधारण १५ लाख किलोमीटर लांब, म्हणजे प्रकाशाला पाच सेकंद लागतील इतक्या अंतरावर. एकच स्फोट दोन ठिकाणी किती फरकाने पोचला हे नीट मोजलं की आकाशात एक कडं काढता येतं, स्फोट त्या कड्यावरच कुठेतरी झालेला असणार. ठिपका त्या कड्याशी जुळत होता. स्फोट लांबट आणि मऊ (कमी ऊर्जेच्या किरणांचा) प्रकारचा होता, म्हणजे प्रचंड तारा कोसळताना होतो तसा, दोन कृष्णविवरांच्या धडकेतला नाही.

निकाल

अॅस्ट्रोसॅट आणि ग्रोथच्या गटाचा निष्कर्ष असा की एटलास१७एईयू हा जीआरबी १७०१०५ए चा आफ्टरग्लो आहे आणि लहरीच्या पट्ट्यात त्याचं असणं हा निव्वळ योगायोग. ज्यांना ठिपका सापडला त्या एटलासच्या गटाने पण स्वतंत्रपणे हिशोब करून जवळपास तेच म्हटलं, की सगळी निरीक्षणं १ ते २.९ रेडशिफ्टच्या लांब गॅमा स्फोटाशी जुळतात, म्हणजे लहरीच्या कितीतरी पलीकडे. त्यांनी एक दार मात्र उघडं ठेवलं, यजमान आकाशगंगेचं (ज्या आकाशगंगेत स्फोट झाला तिचं) रेडशिफ्ट लहरीच्या अंतराशी जुळलं तर परत विचार करावा लागेल. ज्यांचा शोध त्यांनीच त्याच्या विरुद्ध जाणारा हिशोब इतका नीट मांडला, याचा मला मनापासून आदर वाटतो.

कृष्णविवरांच्या धडकेतून या घटनेत गॅमा किरण आले असं कोणालाही ठामपणे दाखवता आलं नाही. आणि सीझेडटीआयचं उपकरण एकाच प्रकरणात दोनदा उपयोगी पडलं, एकदा काही न दिसून आणि एकदा दिसून.

वेगळं काय करता आलं असतं

आधी त्या ०.०४ बद्दल बोलू. पंचवीसात एक ऐकून माणूस हबकतो. पण सगळं आकाश धरलं तर रोज साधारण एक गॅमा स्फोट उपग्रहांना दिसतोच, एकट्या फर्मीलाच वर्षाला दोनशेच्या वर दिसतात. म्हणजे कुठल्याही लहरीनंतर चोवीस तासांची खिडकी उघडी ठेवली तर त्यात एखादा स्फोट येणारच, आणि पट्टा १२०० चौरस अंशांचा असेल तर कधीतरी तो त्यात पडणारच. खिडकी काही सेकंदांची ठेवली तर हाच योगायोग जवळपास अशक्य होतो. ऑगस्टमधल्या १.७ सेकंदांना एवढी किंमत का मिळाली ते यावरून कळतं. त्यामुळे पट्ट्यात काहीही सापडलं की ते जाहीर करतानाच ‘जन्माची वेळ अजून माहीत नाही’ हे त्याच ओळीत लिहिलं जावं असं मला वाटतं.

दुसरं, वेग. अॅस्ट्रोसॅटवर स्फोट ओळखून लगेच खाली कळवायची सोय नाही. डेटा साठतो, जमिनीवर उतरतो, पुण्याला पोचतो, साफ होतो आणि मग कोणीतरी त्यात शोधतं. ५ जानेवारीचा स्फोट तासाभरात जगभर कळला असता तर एटलासचा ठिपका दिसला तेव्हाच त्याला गॅमा स्फोटाचा आफ्टरग्लो म्हणून बघितलं गेलं असतं आणि मोठ्या दुर्बिणींचा वेळ वेगळ्या पद्धतीने वापरता आला असता. यात चूक कोणाची नाही, उपकरण त्या कामासाठी बनवलेलंच नव्हतं. पण पुढचं उपकरण बनवताना हे पहिल्या पानावर लिहून ठेवायला हवं.

लायगोच्या बाजूने तेच, एका चुकीच्या नोंदीमुळे काही तास गेले. माणसाने डोळ्याने बघितलं म्हणून वाचलं. यातून मी घेतलेला धडा असा की एका डिटेक्टरमध्ये जोरदार काही आलं आणि दुसरा ‘बंद’ दिसतोय तर तो खरंच बंद आहे का हे विचारणारं कोणीतरी हवंच.

पट्ट्याच्या आकाराबद्दल तर काय बोलणार. त्याच वर्षी १ ऑगस्टला इटलीचं व्हर्गो सामील झालं आणि पट्टे लहान होऊ लागले. आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, खर्च २,६०० कोटी. इतक्या लांब, वेगळ्या दिशेला एक डिटेक्टर असला की ती सहा हजार चंद्रांची जागा कितीतरी आक्रसेल.

आणि पृथ्वीची सावली. ४ जानेवारीला अर्धा पट्टा दिसला नाही. १७ ऑगस्टला जेव्हा न्यूट्रॉन ताऱ्यांची ती धडक झाली, जिची सगळे इतकी वर्षं वाट बघत होते, तेव्हा अॅस्ट्रोसॅटच्या बाजूने बघता ती जागा नेमकी पृथ्वीच्या आड होती. सीझेडटीआयच्या डेटात सरळ रेघ. मला त्याचं अजून वाईट वाटतं. पण जानेवारीत लागलेली सवय तिथे कामाला आली, ती सरळ रेघ सुद्धा नोंदवली गेली, आणि गॅमा किरण आकाशाच्या कुठल्या भागातून आले हे ठरवताना ‘अॅस्ट्रोसॅटला दिसलं नाही, म्हणजे त्याच्यासाठी पृथ्वीआडच्या बाजूला’ हेही नकाशावर मांडलं गेलं. आयआयटी मुंबई, टीआयएफआर, आयुका, अहमदाबादची पीआरएल अशा संस्थांनी मिळून दक्ष नावाच्या मोहिमेचा प्रस्ताव मांडलाय, त्यात उपग्रह एक नाही, दोन आहेत, पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना फिरणारे, म्हणजे एकाच्या आड पृथ्वी आली तरी दुसऱ्याला दिसत राहील.